थरथरला की साखर

२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात भर दुपारी, माझ्याच स्वयंपाकघरात, पूर्वीचं कसलंही वैर नसताना, एका झाकणाने माझा अपमान केला. झाकण साखरेच्या बरणीचं. हसू नकोस, मी हे अत्यंत गांभीर्याने लिहितो आहे. जगात अन्यायाची उणीव नाही हे मान्य. पण जे झाकण मी स्वतःच्या हाताने लावलं त्याने मलाच ओळख दाखवू नये, ही कृतघ्नता झाली.

मी आधी सामोपचाराने घेतलं. मग फडक्यात धरून पिळलं. मग ओट्याच्या कडेवर आपटलं. साम झालं, दंड झाला, सुरीचं टोक फटीत घालून भेदही झाला. झाकणाला दाम कसा द्यायचा हे कोणत्याच शास्त्रात सापडत नाही, म्हणून तो राहिला. शेवटी बरणी घेऊन शेजारच्या आजींकडे गेलो. या आजींचं वजन आपल्या लोडापेक्षा कमी असेल. त्यांनी दोन बोटांनी झाकण काढलं आणि वर म्हणाल्या, "अगोबाई, सैलच तर होतं!"

त्या "सैलच तर" मध्ये जे होतं ते पचवायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी जिममध्ये नाव घातलं. आमच्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढणाऱ्या माणसाने एकदा स्वतःचं शरीरही तपासायला घ्यावं, असा विचार केला.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी हुंकार देतो. पत्रात निदान माझी वाक्यं पूर्ण होतात.

तुझा,
पंडित

९ फेब्रुवारी

चि. पंडितास,
आशीर्वाद.

तुझं झाकण वाचलं. आता मला सांग. तू चहा बिनसाखरेचा पितोस. गोडाचं काही करत नाहीस. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून तुला इन्शुलिनची सुई लागते, आणि घरात साखर ठेवतोस ती एकाच कामासाठी. मग भर दुपारी ती बरणी तू कशाला उघडत होतास?

साखर उतरली होती ना? हातात जीव नव्हता म्हणून झाकण निघालं नाही, आणि तशाच अवस्थेत तू ओट्यावर बरण्या आपटत होतास आणि सुरीशी खेळत होतास. आजी घरी नसत्या तर? मला शब्दांत गुंडाळू नकोस रे. मी तुला दुपट्यात गुंडाळलेला आहे.

हातावर कागद ठेवून बघतोस की नाही? की ते सोडलंस? तेव्हा घरात साखर मोजायची मशीनं नव्हती. तू पालथा हात पुढे करायचास, मी त्यावर वहीचं पान ठेवायची, आणि पानाची कड हलली की तोंडात साखर. थरथरला की साखर. एवढ्या एका नियमावर मी तुला मोठा केला. पत्रं लिहून नाही.

आणि ते जिमचं खूळ डोक्यातून काढ. शाळेच्या मैदानावर धावलास आणि पडलास, तेव्हा तुला पाठीवर घालून मी आणलं होतं. आता माझ्या पाठीत ते बळ नाही. मागची खोली रिकामी आहे, नवा रंग दिलाय, खिडकीला जाळी बसवलीय. घराला कुलूप लाव आणि ये. एकट्याने राहायचे लाड पुरे झाले.

ताई

१७ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार. हा आता नुसता लिहिण्यापुरता राहिलेला नाही. जोर काढताना रोज सकाळी खराखुरा जमिनीला घालतो. तुझ्या दिशेने तोंड करूनच घालतो असं समज.

होय, साखर उतरली होती. तू पोलिसांत हवी होतीस.

पण मैदानाचा इतिहास आता एकदा शुद्ध करून घे. मी धावलो म्हणून पडलो नाही. सुई टोचून, डबा न खाता धावलो, म्हणून पडलो. चूक डब्याची होती, शिक्षा पायांना झाली. त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत खेळाच्या प्रत्येक तासाला मी व्हरांड्यात बसून वर्गातल्या सगळ्यांच्या चपला राखल्या. कुणाचा अंगठा तुटलाय, कुणाची टाच झिजलीय, मला तोंडपाठ होतं. मला काचसामान समजून जपलंत तुम्ही, आणि मीही शहाण्यासारखा पेंढ्यात पडून राहिलो. आता पुरे. आजींच्या दोन बोटांनी माझं जे काय उघडलं ते परत बंद होणार नाही.

डॉक्टरांना विचारूनच गेलो आहे. ते म्हणाले, अवश्य उचला. अंगात स्नायू वाढले की साखरेला जायला जागा मिळते, इन्शुलिनला काम सोपं होतं. फक्त रक्तातली साखर आधी तपासायची, मध्ये तपासायची, नंतर तपासायची. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात. पायांच्या व्यायामाच्या दिवशी मांडीत सुई टोचायची नाही, पोटात टोचायची, नाहीतर मांडीतलं औषध फार घाईने कामाला लागतं. आणखी एकदोन तपासण्या सांगितल्या आहेत, त्या होतील यथावकाश.

शिकवणारी बाई आहे. पूर्वी ती स्पर्धांत वजनं उचलायची, आता आमच्यासारख्यांना उचलते. सगळे तिला मास्तरीण म्हणतात. गळ्यात शिट्टी. लहानथोर सर्वांना "पैलवान" म्हणून हाक मारते. पहिल्या दिवशी तिने मला रिकामा बार दिला, म्हणजे वजनाच्या चकत्या अडकवायच्या आधीचा नुसता लोखंडी दांडा. मी तो उचलला आणि "आता वजन घाला" म्हणालो. ती म्हणाली, "पैलवान, आधी तो खाली ठेवता येतोय का ते बघू." तो खाली ठेवण्याचा प्रसंग मी तुला सांगणार नाही. टायरवाला वर बघायला आला होता, एवढं पुरे.

तेव्हा करार असा. मला पाऊस सुरू होईपर्यंत मुदत दे. तेवढ्यात एकदा जरी कुणाला मला जमिनीवरून उचलावं लागलं, तर मी निमूट ट्रंक भरून तुझ्या जाळीच्या खोलीत येतो आणि तू देशील ते गिळतो. नाही लागलं, तर मी माझ्या घरात राहीन आणि तू त्या खोलीत कांदे पसर.

पंडित

२६ फेब्रुवारी

चि. पंडितास,
आशीर्वाद.

बरं. कर तुझ्या मनासारखं. उचल काय उचलायचं ते. मी काही बोलणार नाही.

फक्त, यथावकाश म्हणजे केव्हा? त्या एकदोन तपासण्या कोणत्या? डोळ्यांची आहे ना त्यात? इतकी वर्षं झाली की पायांना आणि डोळ्यांना बघावं लागतं, हे मला कळतं. जाऊन ये.

करार मान्य. मास्तरणीला माझा नमस्कार सांग. बाई समजूतदार आहे.

ताई

३० मार्च

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

ज्या बाईला तू जन्मात पाहिलेलं नाहीस, ती समजूतदार आहे हे तुला कसं कळलं? हा प्रश्न मला महिनाभरापूर्वी पडायला हवा होता. चुका शोधण्यावर ज्याचं पोट चालतं त्याने तुझ्या चार ओळींतली एवढी ठळक जागा सोडावी, यासारखी नामुष्की नाही.

झालं ते ऐक. जड वजन उचलताना माणूस थरथरतो, हे तुला ठाऊक नसणार. सगळेच थरथरतात. मास्तरीण स्वतः थरथरते. पण इतर थरथरले की ती "शाब्बास पैलवान" म्हणते, आणि मी थरथरलो की शिट्टी वाजवून चमचा घेऊन धावते. आधी वाटलं, बाईचं मन कोवळं आहे. मग बघतो तो सगळी जिम तयार! मी बार डोक्यावर नेला आणि कोपर जरा हललं, की पलीकडून कुणीतरी ओरडतो, "थरथरला!" आणि तोंडात साखर. दोन्ही हात वर असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, ताई. आमच्यात एक दातांचे डॉक्टर येतात. तेसुद्धा भरवतात, आणि दर चमच्याला हळहळतात.

परिणाम असा की जिममधून घरी येऊन तपासावं तर साखर आभाळात. मला वाटलं, व्यायामानेच चढते आहे. तसंही होतं काही वेळा, जड उचललं की तासभर चढते, असं डॉक्टर म्हणाले होते. मग मी चढलेला आकडा बघून हिशेबाप्रमाणे वरचं इन्शुलिन पूर्ण टोचून घ्यायचो आणि छापखान्यात जायचो. इथे माझी चूक. व्यायाम संपला तरी स्नायू पुढे कित्येक तास गुपचूप साखर ओढत राहतात. अशा वेळी थांबायचं असतं, टोचलंच तर निम्म्याने टोचायचं असतं. तू वरून साखर ओतत होतीस आणि मी खालून नळ उघडत होतो, आणि दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

गेल्या मंगळवारी दुपारी मी सहावीच्या भूगोलाची मुद्रितं वाचत होतो. एक ओळ वाचली. पुन्हा वाचली. पुन्हा. दर खेपेला ती अधिकच सुंदर वाटू लागली. तेव्हाच मी ओळखलं, कारण त्या पुस्तकात सुंदर काही असणं शक्य नाही. खिशातून गोळ्या काढल्या, चघळल्या, खुर्चीला पाठ टेकून बसलो, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा दोन गोळ्या घेतल्या आणि बिस्किटं खाल्ली. मग मघा काढलेल्या चुका पाहिल्या. वाळवंटात मी तीन नद्या घातल्या होत्या. त्या काढून टाकल्या आणि पुढे वाचू लागलो.

कुणी मला उचललं नाही. हे ठळक वाच. करार शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तरणीला खोदून विचारलं. म्हणाली, "अहो, तुमच्या ताईंचा फोन आला होता ना! थरथरला की साखर, विचारत बसू नका, म्हणाल्या. फार कळकळीने बोलत होत्या. मी फळ्यावर लिहून ठेवलंय." फळ्यावर, ताई! शेवटच्या सूचनेच्या खाली: कृपया टॉवेल सोबत आणावा, त्याच्याखाली मी.

तो फळा आता पुसला आहे. नवा नियम असा: थरथरला की आधी विचारा, मग तपासा, मग साखर. त्या दातांच्या डॉक्टरांनी मला मिठीच मारली.

रिकाम्या बारवर आता दोन्ही बाजूंना चकत्या चढल्या आहेत. खाली ठेवतानासुद्धा आवाज होत नाही. टायरवाला वर येत नाही.

पंडित

८ एप्रिल

चि. पंडितास,
आशीर्वाद.

हो, केला मी फोन. भाच्याने तुझ्या नंबर शोधून दिला. लाज वगैरे काही वाटत नाही मला. इतकी वर्षं थरथरण्याचा माझ्या लेखी एकच अर्थ होता. माणूस जोर लावतानाही थरथरतो, हे मला कुणी सांगितलंच नाही. आपल्या घरात जोर लावलाय कुणी?

तुझं पत्र यायच्या आधीच तुझ्या छापखान्याच्या व्यवस्थापकांनाही मी फोन केला होता. तुला फोन करू नको म्हणाला होतास, त्यांना करू नको असं नव्हतास म्हणाला. मला खात्री होती की ते म्हणतील, हो ताई, पडले होते, आम्ही उचललं. मी चपला घालूनच फोन लावला होता. ते म्हणाले, "आम्हाला नंतर कळलं. त्यांनी स्वतःच घेतलं काय ते, आणि नंतर आमच्याच चुका काढत बसले." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच चपला घालून घरात बसले. तुला नाही कळायचं ते.

असो. करार शाबूत. कांदे पसरले नाहीत अजून.

पण आता ऐक. डोळ्यांचं विचारलं होतं. तू चार पानं लिहिलीस त्यात भूगोल आहे, टायरवाला आहे, दात आहेत. डोळे कुठेच नाहीत. तू बोलतोस तेव्हा मला घोर नसतो. तू जे गाळतोस त्याचा घोर असतो.

दाखवलेस का डोळे?

ताई

२ मे

चि. पंडितास,

उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. व्यवस्थापक म्हणतात कामावर येतात, पण दोनदा दुपारी घरी गेले. रागावला असलास तर रागावलो म्हणून लिही. एक ओळ लिही.

ताई

११ मे

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

रागावलो नाही. दाखवले डोळे.

फेब्रुवारीतच दाखवायचे होते. जड उचलायच्या आधी ही तपासणी कराच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्यांना हो म्हणालो आणि तुला यथावकाश लिहिलं, आणि मास्तरणीने विचारलं तेव्हा "सगळं झालं" म्हणून ठोकून दिलं. कारण एवढंच की मला नुकतंच काहीतरी उचलता येऊ लागलं होतं, आणि कुणीतरी आत बघून "ठेवा खाली" म्हणेल, असं वाटत होतं.

तसंच म्हणाले. डोळ्यात थेंब घालून पाहिलं. मागच्या पडद्यावर नव्या बारीक रक्तवाहिन्या आल्या आहेत, डाव्या डोळ्यात जास्त. नाजूक असतात, फुटू शकतात. लेसर करायचा आहे. तो होऊन सगळं शांत होईपर्यंत जड वजन बंद, श्वास रोखून जोर लावणं बंद, डोकं खाली करून काही करणं बंद.

तू म्हणशील, बघ, मी सांगत होते. म्हणू नकोस. मी डॉक्टरांना सरळच विचारलं. हे वजनांनी झालेलं नाही. चाळीसहून अधिक वर्षांच्या चढउतारांनी झालं आहे. व्हरांड्यात चपला राखत बसलो होतो तेव्हाही हे येतच होतं. बसून राहिलो असतो तरी आलं असतं, फक्त झाकणही उघडता न येणाऱ्या माणसाला आलं असतं. तेव्हा मी पश्चात्ताप करणार नाही. मास्तरणीला खरं सांगितलं. तिने मला सगळ्यांसमोर झाडलं, खोटं बोललो म्हणून, आणि ते योग्यच होतं. मग बारवरच्या चकत्या उतरवल्या, हातात रबरी पट्टा दिला आणि म्हणाली, "पैलवान, आता मोठ्याने श्वास सोडत ओढायचं. मला इथे ऐकू यायला हवं." रोज जातो. ओढतो. भात्यासारखा आवाज करतो. चालतो. ज्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर हो म्हणतील, त्या दिवशी परत बार उचलणार, त्यात तुझा फोन, तुझी खोली, तुझी जाळी काहीही आड येऊ शकणार नाही. आणि मी तिकडे राहायला येणार नाही. हे घर माझं आहे आणि ते मला चालवता येतं, एवढं या तीन महिन्यांत मी सिद्ध केलं आहे.

फोन उचलला नाही, कारण तुझा आवाज ऐकला असता तर मी हे सगळं गमतीत सांगून टाकलं असतं आणि तू हसली असतीस.

पहिला लेसर पुढच्या गुरुवारी सकाळी आहे. मी राहायला येत नाही, पण तू इकडे ये. बुधवारीच ये. परत केव्हा जायचं ते नंतर बघू.

तपासणीच्या दिवशी थेंब घातले होते तरी मी हट्टाने छापखान्यात गेलो. पुढ्यात मुद्रितं घेतली. अक्षरं फुटून गेली होती, ओळ कुठे संपते तेही कळेना. थेंबांचा अंमल संध्याकाळपर्यंत उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि उतरलाही. पण त्या दुपारी मी तो कागद धरून नुसता बसून होतो, आणि कुणाला कळू नये म्हणून मधूनमधून पान उलटत होतो. शेवटी व्यवस्थापकांनीच घरी जा म्हटलं. पुढे दुसऱ्यांदा घरी गेलो तो थेंबांमुळे नव्हे. डोळे ठीक होते. मला तिथे बसवेना.

साखर उतरली तर काय करायचं ते मला येतं. पडलो तर उठायचं कसं तेही आता शिकलो आहे. पण दिसेनासं झालं तर मी काय करू, हे मला माहीत नाही, ताई. मला त्याची भीती वाटते.

पंडित